ओच्यातला खडा

“माझ्यावर कुणी म्हणता कुणी विश्वास ठेवला नाही, उस्ताद. तुम्ही तरी ठेवणार का? ते आधी सांगा. नाहीतर मी आल्या पावली परत जाते.”

गफूर उस्ताद चिंचेखाली बसून बॉल शिवत होते. कातडं उसवलं होतं. दोन सुया, लाल दोरा. त्यांनी मान वर केली नाही.

“बस.”

“बसायला नाही आले.”

“मग उभी राहा.”

मंगला ताडे उभी राहिली. उन्हातच राहिली, मुद्दाम. सावलीत गेली असती तर आवाज खाली आला असता, आणि आज तिला आवाज खाली आणायचा नव्हता.

पानमळ्यात वाढलेली बाई. शाळा चौथीपर्यंत. बाजारात पानांच्या करंडीमागे बसली की दलालसुद्धा तिच्याशी जपून बोलायचे. अशी बाई कालपासून रडत होती, आणि रडताना कुणी बघू नये म्हणून त्याहून मोठ्यानं भांडत होती.

“काल सकाळी माणूस होता तिथं. माझ्या कुंदनच्या जागेवर. मॅच सुरू व्हायच्या आधी. मी या डोळ्यांनी बघितला.”

“कसा होता?”

“पाठमोरा. उकिडवा बसलेला. हातानं माती सारखी करत होता.”

उस्तादांची सुई थांबली.

“मग?”

“मग काय! खडा पुरला त्यानं. दुसरं काय करत असणार? तुळस लावत होता?”

सुई पुन्हा कातड्यात शिरली.

...

हे गफूर उस्ताद म्हणजे उर्दू शाळेतले जुने पी.टी. मास्तर. गावात बेसबॉल आणला तो त्यांनी. पहिल्यांदा मुरमाच्या मैदानावर चुन्यानं चौकोन आखला तेव्हा लोक विचारायचे, “मास्तर, स्टंप विसरले का घरी?” उस्ताद काही बोलायचे नाहीत. पोरं तयार करायचे. आता त्यांची पोरं कुठं कुठं खेळतात. उस्ताद ज्याच्या पाठीवर हात ठेवतात, त्याला पुण्या-मुंबईचे कोच डोळे मिटून घेतात.

मंगलाचा कुंदन त्यांचाच. शाळेत असताना धरलेला. आता कॉलेजचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे जो उभा असतो, तो शॉर्टस्टॉप. बॅटवरून सुटलेले बॉल जमिनीवरून सरपटत येतात ते बहुतेक त्याच्याच अंगावर. धरला तर कुणाला आठवत नाही, सुटला तर गाव विसरत नाही.

जिल्हा झाला, राज्य झालं, विद्यापीठ झालं. पुढची पायरी म्हणजे ड्राफ्ट.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे मंगलानं शेजारणीला सांगितलं होतं, “अगं, आपण पानं निवडतो तसं. मोठं, कवळं, डाग नसलेलं पान आधी उचलायचं. तशी परदेशातल्या नव्या लीगची माणसं पोरं उचलतात. आधी एक संघ उचलतो, मग दुसरा. उचलला की तो त्यांचा. पगार, विमान, सगळं.”

“आणि न उचलला तर?”

“माझा का नाही उचलणार? डाग कुठं आहे त्याच्यावर?”

काल त्या लीगचे देवस्थळी साहेब मॅच बघायला आले होते. ड्राफ्टमध्ये कुणाचं नाव घालायचं, ते त्यांच्या हातात. ते आले होते ते कुंदनसाठी, आणि उस्तादांनी बोलावलं म्हणून आले होते.

शेवटच्या डावात बॉल आला. सरळ, हळू, कुंदन झोपेतही धरेल असा. कुंदननं हात खाली नेले...

आणि बॉल उसळला. कानाजवळून मागे गेला. समोरच्या संघाचे दोघं धावत होम बेसला पोचले. मॅच गेली.

ती गेली तर गेली. पण कुंदननं ग्लोव्ह काढून जमिनीवर आपटला. मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाला आईवरून शिवी दिली. तिसऱ्या बेसवरच्या पोराला ढकललं. देवस्थळी साहेबांनी गॉगल डोळ्यांवर चढवला आणि शेजारच्याला म्हणाले, “हा नको.”

दोनच शब्द. मंगला कुंपणाच्या भिंतीला धरून उभी होती. तिला ते ऐकू आले.

...

“कोचला सांगितलं, तो हसला,” मंगला म्हणाली. “कुंदनच्या बापाला सांगितलं, तो म्हणाला, ऊन लागलं असेल तुला. मग मी तडक रेस्टहाउसवर गेले. साहेबाला धरलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणे, बाई, हरल्यावर सगळ्यांच्याच जमिनीत खडे निघतात.”

उस्तादांच्या मिशीत काहीतरी हललं.

“हसा. तुम्हीपण हसा. पण मी उठले नाही तिथून. फाटकात बसले. शेवटी कंटाळला माणूस. म्हणाला, ठीक आहे. तुमचे उस्ताद खोटं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. जमिनीत कुणी काही केलं असं त्यांनी नाव घेऊन सांगितलं, तर दुपारी निघायच्या आधी पोराला पुन्हा बघतो. माझा नंबर पण घेतला त्यानं.”

तिनं कमरेचा फोन काढून दाखवला.

“मला नाव पाहिजे, उस्ताद. तुमच्या तोंडून. एक नाव.”

“तुला कुणाचं वाटतं?”

“तिसऱ्या बेसवरचा नितेश. आतून जळतो तो. नाहीतर समोरच्या कॉलेजचा कोच. तो ढेरपोट्या. नाहीतर तो पाणी मारणारा...”

“एवढे?”

“तुम्ही यातला एक निवडा.”

उस्तादांनी दोरा दातानं तोडला. बॉल तळहातावर फिरवून पाहिला.

“एक विचारू, बेटी?”

“विचारा.”

“मॅच सुरू व्हायची होती. पोरं एकीकडं धावत होती. साहेब दुसरीकडं बसले होते. माणसं झेंडे लावत होती... तू त्या रिकाम्या जागेकडं का बघत होतीस?”

मंगला चपापली. करंडीतलं पान हाताला सडकं लागावं तशी.

“माझ्या पोराची जागा ती. मी नाही बघणार तर कोण बघणार?”

“हं.”

“हं काय?”

“काही नाही. चल. दाखव कुठं.”

...

दोघं मैदानात उतरले. उस्ताद पुढे, गुडघ्यावर हात ठेवत. मंगला मागे, बोलत.

सगळा वेळ बोलत. नितेशचा मामा कसा नगरसेवकाच्या मागेपुढे करतो. ढेरपोट्या कोच काल चहा पिताना कसा दात काढत होता. कुंदन रात्रभर भिंतीकडं तोंड करून कसा पडला, जेवला नाही, दूधसुद्धा घेतलं नाही.

“इथं का?”

“इथंच. हा बघा, ग्लोव्ह आपटला त्याची खूण.”

“तू उभी राहा त्याच्या जागेवर. मी बॉल सोडतो. बघू उसळतो का.”

“मी?”

“तू.”

मंगलानं पदर खोचला. साडीचा ओचा वर करून बांधला, मळ्यात पानं खुडताना बांधतात तसा. आणि पाय फाकवून उभी राहिली, कुंदन उभा राहतो तशी. किती वेळा बघितलं होतं तिनं! गुडघे वाकलेले, हात पुढे, नजर बॉलवर.

उस्ताद परत जाता जाता मधेच वाकले, पायातला काटा काढावा तसे. मंगला तेव्हा ढेरपोट्या कोचच्या बायकोबद्दल सांगत होती.

मग उस्ताद वळले आणि त्यांनी बॉल सोडला.

हळू आला. सरपटत आला. मंगलाला वाटलं, हा तर माझी पाच वर्षांची भाची धरील.

आणि बॉल उसळला. कोपरावर बसला.

“आई गं! मेला...” तिनं जी शिवी दिली ती आपण लिहायला नको. कोपर चोळत ती पुढे गेली. “बघा! बघा, आहे की नाही! मी सांगत होते ना!”

जमिनीत खडा होता. चिंचोक्याएवढा. अर्धा आत, अर्धा वर.

मंगला वाकली. दोन बोटांनी खडा उचकटला, मातीवर अंगठा फिरवून खळगा बुजवला, खडा ओच्यात टाकला आणि पुढच्या जमिनीवर नजर फिरवत तशीच दोन पावलं वाकून चालली.

हे सगळं पापणी लवायच्या आत झालं. तिला कळलंसुद्धा नाही.

“मंगला.”

उस्तादांनी तिला कधी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. ती सरळ झाली.

“आत्ता काय केलंस?”

“काय केलं?”

“हातानं.”

तिनं हाताकडं बघितलं. नखात माती होती.

“खडा उचलला. मग काय पूजा करू त्याची?”

“असा हात एका दिवसात बसत नाही, बेटी.”

मंगला नखातली माती काढू लागली.

“कधीपासून?”

...

आता ती लपवणार नव्हती. लपवायला तिनं काही चोरलं नव्हतं.

“कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. तेव्हा बॉल उसळून ओठ फाटला होता त्याचा. टाके पडले. आठवतंय? तेव्हापासून मॅच असली की मी पानं बाजारात टाकून सकाळीच येते. तुम्ही टपरीवर चहाला गेलात की आत शिरते, त्याची जागा वेचून काढते आणि जाते. नखाएवढाही खडा ठेवत नाही. त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

“आणि काल?”

“काल बाजारात लिलाव लांबला. पोचले तर साहेब आलेला, फाटक बंद. वॉचमननं आत सोडलं नाही. भिंतीवरून बघत राहिले. म्हणून तर तो उकिडवा बसलेला मेला दिसला मला! नेमका ज्या दिवशी मी...”

तिचा आवाज फाटला. तिनं तो लगेच शिवला.

“आईनं पोराच्या पुढ्यातला खडा उचलला. बिघडलं काय त्यात? सांगा ना! बिघडलं काय?”

उस्तादांची नजर तिच्या नखांवर होती.

तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पहिल्यांदा तिला भीती वाटली. पाणी आटलेल्या विहिरीसारखं झालं होतं ते तोंड. माणूस कसला विचार करतोय हेच दिसेना.

“तू उचलायचीस,” ते म्हणाले.

“हो.”

“दर मॅचला.”

“सांगितलं ना.”

“मला वाटायचं... तो उचलतो.”

“कोण?”

उस्तादांनी खिशात हात घातला. मग तिच्याकडं पाठ केली आणि हळूहळू, गुडघे कुरकुरत, खाली बसले. उकिडवे. काहीतरी जमिनीत दाबलं. मग तळहातानं माती सारखी केली.

मंगला बघत राहिली.

ती पाठ... डाव्या खांद्याला जरा झुकलेली. मानेवर टोपीची कड. कोपर बाहेर काढून हात फिरवायची ती पद्धत...

तिच्या तोंडातून आवाज निघाला. शब्द नाही, नुसता आवाज.

...

“तुम्ही?”

“मी.”

“तुम्ही पुरला?”

“प्रत्येकाच्या जागेवर. प्रत्येक मॅचला. एक.”

“माझ्या पोराचं वाटोळं करायला?”

“सगळ्यांच्या जागेवर, म्हटलं ना.”

“का पण? का?” तिनं त्यांचा शर्ट धरला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा, ज्याच्या तिनं दर ईदला पाया पडावं त्या माणसाचा. “आम्ही तुम्हाला देव मानलं हो!”

“आपल्या जागेवर उभं राहायच्या आधी जो वाकून बघतो, तो खेळतो.”

“मग सांगायचं ना तसं पोरांना!”

“सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. एकदाच.”

तिनं शर्ट सोडला.

उस्ताद उठले नाहीत. तसेच मातीवर बसून राहिले, पाय पसरून, लहान पोरासारखे.

“बाकीचे खडा सापडला की मला आणून दाखवायचे. नितेश तर माझ्या अंगावर फेकायचा, म्हणायचा, म्हाताऱ्या, मैदान सुधार आता. तुझ्या कुंदननं एकदाही दाखवला नाही. पण मॅचनंतर जाऊन बघावं तर खडा गेलेला. दर वेळी गेलेला. मातीसुद्धा सारखी केलेली...”

ते थांबले.

“मला वाटायचं, काय पोरगा आहे! उचलतो आणि बोलत नाही. साहेबाला मी तेच सांगितलं. तुमच्याकडं जोरात फेकणारे पुष्कळ असतील. उभं राहायच्या आधी वाकणारा हा एकच आहे. त्यासाठी आला तो एवढ्या लांबून.”

“उस्ताद...”

“मी आयुष्यात एकाच पोराबद्दल असं बोललो, बेटी.”

मंगला नाव घ्यायला आली होती. नाव मिळालं होतं. आणि आता ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

...

मोटारसायकल थेट मैदानात आली. कुंदन. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. उतरला, आणि तरातरा चालत आला, बुटांनी माती उडवत. उस्तादांनी आत्ताच दाबलेल्या खड्यावरून त्याचा पाय गेला. त्यानं खाली बघितलं नाही.

“आई, चल घरी. सगळं गाव हसून राहिलं. रेस्टहाउसच्या फाटकात बसली म्हणे तू. लाज ठेव जरा माझी.”

“तुझीच ठेवायला बसले होते.”

“उस्ताद, हिला सांगा तुम्ही. झालं ते झालं. नशीब खराब.”

उस्तादांनी वर बघितलं. उन्हामुळं डोळे बारीक झाले होते.

“काल मॅचच्या आधी जागा बघितली होतीस?”

“कुठली?”

“तुझी.”

“बघायचं काय त्यात?” कुंदन म्हणाला. “माझ्या जागेवर खडा नसतोच कधी. बाकीच्यांच्या असतो. ओठ फाटला तेवढंच, त्यानंतर एकदा नाही निघाला. देवाची कृपा आहे ती माझ्यावर. कालच काय झालं कोण जाणे.”

मंगलानं ते ऐकलं.

उन्हातान्हात वाकून वेचलेले ते सगळे खडे. ज्या सकाळी अंगात ताप होता त्या सकाळीही वेचलेले. पाठ धरायची, रात्री तेल चोळून घ्यायची, आणि विचारलं तर मळ्यात लचक भरली म्हणून सांगायची... देवाची कृपा!

“देव नव्हता रे तो,” ती म्हणाली. “मी होते.”

आणि तिनं सांगितलं. मग उस्तादांनी आपलं सांगितलं. त्यांना दोनच वाक्यं लागली.

कुंदन ऐकत राहिला. एकदा आईकडं, एकदा उस्तादांकडं. तोंड उघडं राहिलं होतं. मग त्याच्या जबड्याचं हाड हललं.

“म्हणजे हा ठेवायचा आणि तू उचलायचीस.”

“कुंदन, उस्तादांना अरेतुरे नाही करायचं.”

“तुम्ही दोघं खडा-खडा खेळलात, आणि मधल्या मधे मी मेलो! माझा ड्राफ्ट गेला!” त्यानं छातीवर हात आपटला. “माझा काय दोष? सांगा ना कुणीतरी. माझा काय दोष यात?”

मंगलाची नजर उस्तादांनी दाबलेल्या खड्यावर गेली.

चिंचेवर एक पाखरू ओरडत होतं.

मंगलाच्या कमरेचा फोन वाजला.

...

“बाई, मी निघतोय,” देवस्थळी साहेबांचा आवाज मोकळ्या मैदानात मोठा वाटला. तिनं स्पीकर लावला होता. “मिळालं का नाव?”

“उस्ताद इथंच आहेत, साहेब.”

“द्या त्यांना.”

तिनं फोन उस्तादांसमोर धरला. त्यांच्या हाताला माती होती, म्हणून तिनंच धरला.

“उस्ताद, खरंच खडा होता तिथं?”

“होता.”

“कुणी ठेवला?”

“मी.”

पलीकडं गाडीचं दार लागल्याचा आवाज.

“तुम्ही? उस्ताद, तुम्ही चेष्टा...”

“चेष्टा नाही.”

“कमाल झाली. मला काही समजत नाही, पण... ठीक आहे. खडा तुम्ही ठेवला तर पोराचा काय दोष? न्याय तो न्याय. मी जेवून येतो तिकडं. त्याला तयार ठेवा. पुन्हा बघतो.”

कुंदननं मूठ हवेत मारली. “बास!” तो ओरडला. “बास, आई! मी ग्लोव्ह घेऊन आलोच.” तो मोटारसायकलकडं पळाला. त्याच खड्यावरून पळाला. बुटाची टाच खड्यावर घसरली, तो जरासा तोल जाऊन सावरला, आणि जमिनीला शिवी घालून पुढे गेला.

खाली बघितलं नाही त्यानं.

मंगलानं बघितलं. उस्तादांनीही बघितलं.

“साहेब,” उस्ताद म्हणाले. “थांबा जरा.”

“बोला ना.”

“कुणी ठेवला, ते तुम्ही विचारलंत. दोष कुणाचा, ते विचारलं नाहीत.”

मंगलाच्या अंगठ्याखाली फोनचं लाल बटन होतं. एवढासा अंगठा दाबला की बोलणं तुटलं असतं. साहेब जेवून आले असते, कुंदननं पुन्हा बॉल धरले असते, धरलेच असते त्यानं, हात सोन्याचे आहेत त्याचे... ती आधी येऊन जागा वेचून ठेवणार होतीच.

हा विचार मनात आला आणि तिलाच धस्स झालं.

“उस्ताद,” ती कुजबुजली. “माझं घ्या. माझं नाव घ्या. मीच सवय लावली. मी आई आहे, मला काही होत नाही. माझं सांगा.”

उस्तादांनी तिच्या ओच्याकडं पाहिलं. मघाचा खडा अजून तिथंच होता. कापडाला त्याचा उंचवटा आला होता.

“हाही तूच उचलणार?”

मंगलाचा हात ओच्यावर गेला.

मैदानाच्या टोकाला मोटारसायकलला किक बसली. लागली नाही. पुन्हा बसली.

“उस्ताद?” फोनमधून आवाज आला. “आहात ना? बरं, विचारतो. दोष कुणाचा?”

मंगलानं दुसऱ्या हातानं ओचा सोडला. खडा खाली पडला. पडला तिथंच राहिला, कुंदनच्या जागेवर. तिनं तो उचलला नाही. उचलायला हात गेला होता, अर्ध्यावरून तिनं परत घेतला. मग लाल बटनावरचा अंगठा काढला, आणि फोन उस्तादांच्या तोंडाजवळ नेला. आणखी जवळ.

उस्तादांनी तिच्याकडं पाहिलं.

“कुंदन ताडे.”